कर्करोग तपासणी कार्यक्रमांचे संगणकीय सदृशीकरण

लक्षणे नसलेल्या लोकांची ठरावीक वयात व ठरावीक अंतराने कर्करोगासाठी तपासणी केल्यास किती मृत्यू टळतील आणि किती जणांना विनाकारण उपचार सोसावे लागतील, याचा अंदाज संगणकात रचलेल्या काल्पनिक लोकसंख्येवरून बांधण्याची पद्धती. स्तन, गर्भाशयमुख, मोठे आतडे, फुप्फुस व पुरःस्थ ग्रंथी (प्रोस्टेट) यांच्या कर्करोगांसाठी ती प्रामुख्याने वापरतात. लोकांवर प्रत्यक्ष घेतलेल्या चाचणीत एक-दोनच वेळापत्रकांची तुलना होते आणि मृत्युदरातील फरक दिसायला दहा-पंधरा वर्षे जातात. वय, अंतर व तपासणीचा प्रकार यांच्या अनेक जोडण्या पडताळायच्या तर अशा संगणकीय प्रतिमानाला (मॉडेलला) पर्याय उरत नाही.

उगमाविषयी एकमत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९६३ मध्ये सुरू झालेल्या स्तन-तपासणीच्या चाचणीमुळे या प्रश्नांना चालना मिळाली. मार्विन झेलेन व मॅनिंग फाइनलाइब या अमेरिकी संशोधकांनी १९६९ मध्ये मांडलेला तपासणीचा सिद्धांत काही जण आरंभबिंदू मानतात. मात्र तो समीकरणांचा होता, सदृशीकरणाचा नव्हे. गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी ई. जी. नॉक्स यांनी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात केलेले काम आजच्या पद्धतीला अधिक जवळचे वाटते. एकेका व्यक्तीचे आयुष्य स्वतंत्रपणे चालवणारी ‘मिस्कॅन’ ही आज्ञावली नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे हाबेमा व सहकाऱ्यांनी साधारणतः १९८० च्या दशकाच्या प्रारंभी घडवली. तिचे सविस्तर वर्णन १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रत्येक काल्पनिक व्यक्तीला जन्मवर्ष, अन्य कारणाने मृत्यू येण्याचे वय आणि, नशिबी असल्यास, रोगाचा प्रवास यदृच्छेने दिला जातो. तेच आयुष्य एकदा तपासणीविना व एकदा तपासणीसह चालवून फरक मोजतात. समजा, एका स्त्रीची गाठ ५१ व्या वर्षापासून क्ष-किरण चित्रात दिसू शकते, हाताला ती ५४ व्या वर्षी लागते आणि मृत्यू ६० व्या वर्षी येतो. तपासणीत गाठ ५२ व्या वर्षी सापडली, पण मृत्यूचे वय बदलले नाही, तर निदानानंतरचे आयुष्य सहाऐवजी आठ वर्षे दिसते. लाभ मात्र शून्य. हीच स्त्री ५३ व्या वर्षी हृदयविकाराने दगावणारी असती, तर ते अतिनिदान, म्हणजे एरवी आयुष्यात कधीच जाणवला नसता अशा रोगाचे निदान, ठरले असते. रुग्णालयाच्या नोंदवहीत न दिसणारे हे दोन्ही प्रकार इथे वेगळे मोजता येतात.

खरी अडचण ५१ ते ५४ या काळाची आहे. तो कोणीही थेट पाहू शकत नाही, कारण सापडलेली गाठ काढली जाते. मग कर्करोग नोंदणीतील रुग्णसंख्येशी आकडे जुळेपर्यंत तो बदलत राहतात. पण वेगवेगळे काळ धरूनही आकडे जुळू शकतात. आतड्याच्या कर्करोगाच्या तीन अमेरिकी-डच प्रतिमानांबाबत हे उघड झाले. एकदाच केलेल्या दुर्बीण-तपासणीच्या ब्रिटिश चाचणीचे निकाल त्यांना पडताळायला दिले, तेव्हा मांसांकुरापासून (आतड्याच्या अस्तरावरील लहान वाढीपासून) कर्करोगापर्यंतचा काळ कमी धरणाऱ्या मिस्कॅनने लाभ प्रत्यक्षापेक्षा कमी वर्तवला. असे बाहेरचे पडताळणे हीच प्रतिमानाची खरी परीक्षा होय. नुसती जुळणी पुरेशी नाही.

यावरील उपाय म्हणून एकाच प्रश्नावर स्वतंत्र प्रतिमाने चालवण्याचा प्रघात पडला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००० मध्ये त्यासाठी ‘सिस्नेट’ हा गट स्थापला. १९७५ ते २००० या काळात तेथील स्तन-कर्करोगाच्या मृत्युदरात झालेल्या घटीत तपासणीचा वाटा किती, याचे उत्तर सात प्रतिमानांनी २८ ते ६५ टक्के असे दिले (२००५). ४६ टक्के हा मध्यांक वारंवार सांगितला जातो. अभ्यासकाला त्या पट्ट्याची रुंदीच अधिक बोलकी वाटावी. २००९ मध्ये सहा प्रतिमानांनी दर दोन वर्षांनी केलेल्या तपासणीत वार्षिक तपासणीचा सरासरी ८१ टक्के लाभ टिकतो व चुकीचे इशारे जवळजवळ निम्म्याने घटतात, असे दाखवले. त्या वर्षीच्या अमेरिकी शिफारशीत ५० ते ७४ वयोगटासाठी दोन वर्षांचे अंतर सुचवण्यात आले.

अल्प साधनांच्या देशांसाठी असे काम त्या मानाने कमी आहे. भारत, केनिया, पेरू, दक्षिण आफ्रिका व थायलंड यांविषयीच्या २००५ च्या एका अभ्यासात, वयाच्या ३५ व्या वर्षाच्या सुमारास एकदाच केलेल्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा आजन्म धोका २५ ते ३६ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज निघाला. जिथे कर्करोग नोंदणी अपुरी असते, तिथे प्रतिमानातील रोगप्रवासाचे बरेच आकडे अन्य देशांतून घेतले जातात.