पितळी पुंगळीची सफाई : काळ्या दारूपासून पोलादी पिनांपर्यंत

काडतूस उडाले की गोळी जाते, दारू जळते, प्रायमर (तळाशी बसवलेली, दारू पेटवणारी छोटी टोपी) फुटून निकामी होतो. हाती उरते ती पुंगळी, म्हणजे या सगळ्यांना धरून ठेवणारे पितळी कवच. चार भागांतला हाच भाग सर्वांत महाग आणि पुन्हा वापरता येणाराही हाच. साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असे हे पितळ दाबाखाली फुगून चेंबरला, म्हणजे बंदुकीतल्या काडतूस बसण्याच्या जागेला, घट्ट बसते आणि दाब उतरताच किंचित आक्रसून मोकळे होते. ही लवचीकता टिकली तर पुंगळी पुन्हा भरता येते. तिच्यावर घाला कोण घालते हे दर पिढीत बदलत गेले आणि सफाईच्या रीतीही त्याबरोबर बदलल्या. पंचाईत अशी, की शत्रू गेले तरी त्यांच्यावरचे जुने उपाय अजून सांगितले जातात.

सुरुवात १८६६ची. त्या वर्षी अमेरिकेत हायरम बर्डन आणि इंग्लंडमध्ये एडवर्ड बॉक्सर यांनी आपापल्या प्रायमरचे पेटंट घेतले. बर्डनच्या रचनेत प्रायमर ज्यावर आपटतो ती ऐरण पुंगळीतच घडवलेली असते आणि ठिणगी आत जायला बाजूला बारीक भोके असतात. बॉक्सरने ऐरण प्रायमरमध्येच बसवली, त्यामुळे पुंगळीच्या तळाला मधोमध एकच भोक पुरले. त्या भोकातून वरून सुई दाबली की जुना प्रायमर बाहेर पडतो. गंमत म्हणजे अमेरिकनाची रचना युरोपात रुजली आणि इंग्रजाची अमेरिकेत. घरी काडतुसे भरण्याचा छंद अमेरिकेत फोफावला, त्यामागे हे एक भोकही आहे.

त्या काळी शत्रू होती काळी दारू. ती जळल्यावर वजनाने निम्म्याहून जास्त भाग घनरूपात मागे राहतो : पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड. हा थर हवेतली ओल ओढून घेतो आणि सल्फाइड पितळ काळे करून खात सुटते. म्हणून नियम सोपा होता : त्याच दिवशी प्रायमर काढा, पुंगळ्या साबणाच्या पाण्यात टाका, कढत पाण्याने खंगाळा, वाळवा. काळी दारू वापरणारे आजही नेमबाजीच्या जागी पाण्याची बरणी नेतात आणि उडालेली पुंगळी थेट तिच्यात सोडतात. क्षार पाण्यात विरघळतात. तेल लावून काही होत नाही.

१८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी धूरविरहित दारू तयार केली. आता आत काजळी नावापुरती. सफाई सुटली असे वाटावे, तर पुन्हा भरताना पुंगळ्या तडकू लागल्या. दोष प्रायमरमधल्या मर्क्युरी फल्मिनेटचा. ते फुटले की पारा मोकळा होतो आणि पितळात शिरून त्याला ठिसूळ करतो. काळ्या दारूच्या जाड काजळीत हा पारा बराचसा अडकून राहायचा आणि धुण्यात निघून जायचा. नव्या दारूने ती आडच काढून घेतली. पितळात शिरलेला पारा कोणत्याही धुण्याने निघत नाही आणि पुंगळी दिसते मात्र ठणठणीत. पारायुक्त प्रायमरची जुनी पुंगळी हाती आली तर ती भंगारातच द्यावी.

पाऱ्याऐवजी पोटॅशियम क्लोरेटची प्रायमर आली. त्यातून उरते पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचाच भाऊबंद. पितळापेक्षा बंदुकीच्या पोलादी नळीला त्याचा जाच जास्त. १९२०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत शिशाच्या स्टिफनेटवर आधारलेली प्रायमर बाजारात आली आणि हाही त्रास मिटत गेला. आज उरला आहे तो शिशाचा प्रश्न, त्याकडे पुढे येतो.

मधल्या काळातला सर्वांत शिकवून जाणारा किस्सा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या लष्करी साठ्यांचा. पावसाळ्यात काडतुसे घोड्यांच्या पागांत ठेवली जात आणि पुंगळ्यांना उभ्या चिरा पडत. ऋतूप्रमाणे पडणाऱ्या चिरा म्हणून इंग्रजीत या दोषाला ऋतूचेच नाव चिकटले. खरे कारण १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी मांडले : पागेतल्या मुतातून सुटणारा अमोनिया, हवेतली ओल आणि थंड अवस्थेत ओढून घडवलेल्या पितळात अडकलेला ताण. तिन्ही एकत्र आले की पितळाच्या कणांच्या सीमांवरून चीर धावते. घडवल्यावर पितळ बेताने तापवून ताण उतरवणे हा त्यावरचा उतारा. लष्करी पुंगळीच्या तोंडाजवळ जो निळसर-तांबूस पट्टा दिसतो तो असल्याच तापवण्याची खूण. तो मळ नव्हे, घासून काढण्याचे कारण नाही.

म्हणूनच पितळ चकाकवणारी, अमोनिया असलेली बाटलीतली पॉलिश पुंगळ्यांना लावू नये. भांडे दाब सोसत नाही, पुंगळी सोसते.

आम्लांचेही असेच. कारखान्यात तापवलेल्या पितळावरची पपडी सौम्य गंधकाम्लात बुडवून काढतात. ते पाहून घरीही व्हिनेगर, सायट्रिक आम्ल आले. सौम्य द्रावणात काही मिनिटे ठीक. जास्त वेळ विसरले तर पितळातले जस्त निघून जाते आणि वर तांब्याचे गुलाबी डाग उमटतात. पुसट गुलाबी छटा वरवरची असू शकते. खोल, खरबरीत डाग असेल तर पुंगळी बाद.

घरगुती सफाईत खरा बदल घडवला फिरत्या आणि थरथरणाऱ्या यंत्रांनी. रत्नांचे खडे गुळगुळीत करणारे पिंप पितळालाही चालले. भरड म्हणून अक्रोडाच्या कवचाचा चुरा घासायला आणि मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाचा चुरा चमक आणायला. दोन-तीन तास पुरतात. धोका धुळीचा आहे : प्रायमरचे शिसे त्या चुऱ्यात साठत जाते. यंत्र उघड्यावर चालवावे, चाळताना झाकण ठेवावे, चुरा राखाडी झाला की बदलावा, नंतर हात धुवावेत.

ओल्या पद्धतीत रबरी अस्तराच्या पिंपात पोलादी पिना असतात, सुमारे १.२ मिमी जाड आणि ६.५ मिमी लांब. रूढ प्रमाण असे : पिना २.२५ किलो, प्रायमर काढलेल्या पुंगळ्या ९०० ग्रॅम, पाणी चार लिटरच्या आत-बाहेर, भांड्यांचा द्रव साबण दोन चमचे, सायट्रिक आम्ल पाव चमचा. दोन ते चार तासांत प्रायमरची खोबणीसुद्धा नवी दिसते. धूळही उडत नाही, मात्र शिसे त्या काळ्या पाण्यात असते.

बिघाड तीन प्रकारचे. बॉक्सर पुंगळीचे भोक साधारण २ मिमीचे, त्यात कधी पिना अडकतात. प्रत्येक पुंगळी उजेडाकडे धरून पाहावी. जास्त वेळ फिरवल्यास तोंडाच्या कडा एकमेकींवर आपटून ठोकल्यासारख्या जाड होतात. आणि गोळी धरणाऱ्या मानेच्या आतली काजळी पूर्ण निघाली की गोळी कोरड्या पितळाला घासत बसते, पकड असमान होते; पातळ काजळी तिथे वंगणाचे काम करते. शेवटी वाळवणे. ओव्हन वापरायचा तर ९० अंश सेल्सियसच्या आसपास, त्यापुढे नाही. अडीचशे अंशांच्या वर पितळ मऊ पडायला लागते आणि मऊ पडलेला तळ दाबाखाली फाटतो.

चमक ही हौस. जरुरी दोनच गोष्टींची : वाळूचा कण राहू नये, नाहीतर तो आकार देणाऱ्या साच्यावर कायमची रेघ ओढतो आणि पुढच्या प्रत्येक पुंगळीवर ती उमटते, आणि पितळ डोळ्यांना नीट दिसावे. तळाच्या किंचित वर सभोवार फिकट चकचकीत कडे दिसले तर तिथे भिंत ताणून पातळ झालेली असते. कडे संशयास्पद वाटले तर कागदाची पिन सरळ करावी, टोक काटकोनात वाकवून धारदार करावे, आतून तळापासून वर ओढावे. टोक खाचेत अडखळले तर ती पुंगळी पक्कडीने चेपावी, म्हणजे चुकून पुन्हा भरली जाणार नाही.