बिल्टीबुक छापू नका, निदान आत्ताच नको

महिन्यातून एक तरी फोन येतो. गोव्यातूनच, कधी साखळीहून, कधी उसगावहून, परवा पेडण्याहून. नवरा-बायको मिळून गाडी घेतायत. नवरा बारा-पंधरा वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर होता, बायको हिशेब बघणार, जमलं तर स्टिअरिंगही धरणार. मी छान म्हणते न म्हणते तोच पुढचा प्रश्न येतो, "वहिनी, बिल्टीबुक कुठे छापून घेतलंत?"

माझं डोकं तिथेच फिरतं. गाडीची बॉडी अजून बांधून व्हायचीय, पासिंग व्हायचंय, बँकेचा पहिला हप्ता कुठून येणार ठाऊक नाही, आणि ह्यांना आधी बिल्टीबुक, म्हणजे माल ताब्यात घेतल्याच्या पावत्यांचं पुस्तक हवं. का, तर "आम्ही ट्रान्सपोर्ट काढतोय ना!" अहो, तुम्ही गाडी घेताय. ट्रान्सपोर्ट काढणं हा निराळा धंदा आहे. दोन्हीत चाकं असतात, एवढंच साम्य.

गाडीवाला म्हणजे काय हे डिचोली-सत्तरी-सांगे ह्या खाणपट्ट्यातल्या माणसाला मी शिकवू नये. निम्म्या घरांनी खनिज वाहणारा टिपर पाहिलाय. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या तेव्हा आणि २०१८ च्या मार्चात पुन्हा पडल्या तेव्हा तो दारात उभा राहून गंजतानाही पाहिलाय. ट्रीप किती, टन किती, दर किती, डिझेल वजा जाता काय उरलं, हे तुम्हाला पाठ आहे. पण घोळही तिथूनच सुरू होतो. खाणीवर कागद खाणीचा, माल खाणीचा, आपण फक्त खाणीपासून जेटीपर्यंत चाकं फिरवायची. त्यामुळे मालाची जबाबदारी नावाची चीज असते, हे टिपरवाल्याच्या गावीही नसतं. तो बाजारात उतरतो आणि समजतो की गाडी आपली म्हणजे ट्रान्सपोर्ट आपला.

ट्रान्सपोर्टरकडे एकही गाडी नसली तरी चालतं. दुसऱ्याच्या गाड्या लावून अख्खं आयुष्य काढलेले ट्रान्सपोर्टर आहेत, आणि पाच गाड्या असून गाडीवालेच राहिलेले लोकही आहेत. फरक गाड्यांच्या संख्येचा नाहीच, एका कागदाचा आहे.

त्याला बिल्टी म्हणा, एलआर म्हणा, जीआर म्हणा, वर काय छापलंय त्याला किंमत नाही. तुमच्या नावाचा तो कागद फाडून तुम्ही माल पाठवणाऱ्याच्या हातात दिलात की तुम्ही लिहून देता: माल मोजून ताब्यात घेतला, समोरच्याच्या दारात उतरेपर्यंत त्याचं बरंवाईट माझ्याकडे. रस्त्यावरच्या मालवाहतुकीचा २००७ चा कायदा, जो जुन्या १८६५ च्या कायद्याच्या जागी २०११ पासून लागू झाला, अशा माणसाला कॉमन कॅरियर म्हणतो आणि नोंदणी करायला लावतो. माल खराब झाला तर सुटायच्या वाटा मोजक्याच: दैवी आपत्ती, युद्ध, दंगल, सरकारी जप्ती वा बंदी, असल्या. "ताडपत्रीला भोक होतं" ही त्यातली वाट नाही.

हे मला माहीत कसं, तर आमच्या ताडपत्रीला भोक होतं.

गाडी नवऱ्याच्या नावावर. आम्ही हौसेने शंभर पानांचं बुक छापून घेतलं होतं, पांढरं-गुलाबी-पिवळं तीन प्रती, वर गणपती, खाली बारीक अक्षरात "माल मालकाच्या जोखमीवर". इथल्याच एका कारखान्याचा माल दलालाशिवाय थेट मिळाला. पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरलेला, हुबळीला जायचा, भाडं १९,०००. मी भरणीच्या जागी उभी राहून बिल्टी लिहिली, कार्बन पेपर उलटा लागला म्हणून पुन्हा लिहिली, खाली माझी सही. जून महिना. मोल्याचा नाका ओलांडून अनमोडच्या घाटात शिरलो आणि धो धो कोसळला. रस्सा जिथे ताडपत्रीला घासत होता तिथे चार बोटांची चीर पडली होती, ती आम्हाला हुबळीत दिसली. वरच्या थरातले खोके हात लावला की बसत होते. माल घेणाऱ्याने पोचपावतीवर शांतपणे लिहिलं, "४० खोके ओले", आणि शिक्का मारला.

आम्हाला वाटलं, बाकी भाडं जाईल, विषय संपेल. कारखान्याने विम्याचे पैसे घेतले, विषय खरंच संपल्यासारखा वाटला. चार महिन्यांनी विमा कंपनीच्या वकिलाचं पत्र आलं. "मालकाचं नुकसान आम्ही भरून दिलं, आता ते वाहकाकडून वसूल करायचा हक्क आमचा, १,६४,००० रुपये भरा." पत्रावर नाव माझं. गाडी नवऱ्याची, चालवत होता नवरा, ताडपत्री बांधली नवऱ्याने आणि हमालाने. पण बिल्टीवर सही माझी, म्हणून वाहक मी.

तुमच्यासारख्या जोडप्यांसाठी मुद्दा हाच आहे, म्हणून थोडं थांबून वाचा. घरात वाटणी ठरते ती अशी: तो चालवेल, ती कागद बघेल. कागद बघणं हे हलकं काम वाटतं. प्रत्यक्षात जो चालवतो तो गाडीवाला आणि जी बिल्टीवर सही करते ती ट्रान्सपोर्टर. एकाच घरात, एकाच ताटात जेवणारी दोन माणसं दोन वेगळ्या धंद्यांत आहेत, आणि जोखमीचा धंदा बायकोच्या नावावर चढलाय, तेही तिला न विचारता. मी वकिलाला तो "मालकाच्या जोखमीवर" मजकूर दाखवला. तो हसला. छापील ओळीने निष्काळजीपणा धुतला जात नाही. कायद्याने एक मर्यादा मात्र आहे: मालाची जास्त किंमत ठरवून जास्त भाडं घेतलं नसेल तर जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत. आमच्या १९,००० ची दहापट १,९०,०००. म्हणजे मागणी मर्यादेच्या आतच. तडजोड करून हप्त्यांनी फेडलं.

आणि गाडीचा विमा? इथेही तोच गोंधळ. गाडीचा विमा गाडीचा असतो, तिने दुसऱ्याला धडक दिली त्याचा असतो. आत भरलेल्या मालाला त्यातला एक रुपया मिळत नाही. वाहकाच्या जबाबदारीची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते, आणि ती बिल्टीबुकासोबत कोणी छापून देत नाही.

आता उलट बाजू. तोच माल दुसऱ्या ट्रान्सपोर्टरच्या बिल्टीवर गेला असता तर? आमचं बाकी भाडं अडकलं असतं, त्याने शिव्या घातल्या असत्या, पुढचे दोन महिने काम दिलं नसतं. गाडीवाल्याच्या अंगाला काहीच लागत नाही असं मी म्हणत नाही. पण विमा कंपनीचं पत्र आधी त्याच्या टेबलावर गेलं असतं. तो जे कमिशन कापतो ना, ज्याच्या नावाने आपण चहाच्या टपरीवर बोटं मोडतो, ते बऱ्याच अंशी ह्या पत्राचं मोल असतं.

जीएसटीचंही गणित त्याच कागदावर फिरतं. बिल्टी न फाडणाऱ्या गाडीवाल्याचं रस्त्यावरचं भाडं करमाफ आहे, बिल्टी फाडणाऱ्या ट्रान्सपोर्टरला भाड्याने दिलेली गाडीही करमाफ. "वर्षाचं भाडं २० लाखांवर गेलं, आता जीएसटी नंबर घ्यावाच लागणार" असं कोणी सांगितलं तर त्याला विचारा, भाडं करमाफ असेल तर नंबर कशासाठी? सगळीच उलाढाल माफ असेल तर नोंदणी लागत नाही. बिल्टी फाडलीत की तुम्ही त्या माफीतून बाहेर. मग ५ टक्के जीएसटीचा हिशेब आला. तो बहुतेक वेळा माल पाठवणारी कंपनीच भरते हे खरं, पण त्याची कागदपत्रं, ई-वे बिलासाठीचा (माल रस्त्याने नेताना लागणाऱ्या ऑनलाइन कागदासाठीचा) ट्रान्सपोर्टर आयडी, सगळं तुमच्या मागे. गाडीवाल्याला ई-वे बिलात फक्त गाडीचा नंबर बरोबर पडलाय का आणि मुदत संपत तर नाही ना, एवढंच बघायचं असतं. दर २०० किलोमीटरला एक दिवस, हे मात्र दोघांनीही पाठ करावं. मुदत संपलेली गाडी नाक्यावर अडते तेव्हा बिल्टी कोणाची हे अधिकारी विचारत नाही.

बाकी फरक किरकोळ. परमिट, फिटनेस, फास्टॅग गाडीला लागतं, माणसाच्या पाटीला नाही. आयकरात दहापर्यंत गाड्या असलेल्याला अंदाजी उत्पन्नाची सोय आहे, १२ टनांवरच्या गाडीला टनामागे महिना १,००० रुपये. २८.५ टनांच्या दहा चाकीचं वर्षाचं उत्पन्न ३,४२,००० धरतात. वह्या नीट ठेवायला आवडत नसतील तर हे घ्या. मला आवडतात.

एक गोष्ट मात्र किरकोळ नाही आणि तीही नावाचीच आहे. बरेच जण कर्जाच्या सोयीने गाडी बायकोच्या नावावर घेतात आणि चालवतो नवरा. पॉलिसीत "मालक-चालक" म्हणून १५ लाखांचं अपघाती संरक्षण असतं. ते आरसीवरच्या मालकाला, तोही लायसन्स असलेला आणि स्वतः चालवत असलेला. मालकीणबाई घरी आणि नवरा घाटात, तर ते १५ लाख त्याचे नाहीत. त्याला पगारी चालक म्हणून दाखवा, पगार खात्यात टाका, त्याचा जादा हप्ता भरा, आणि त्याचा वेगळा अपघात विमा काढा. नवऱ्याला पगार द्यायचा म्हटलं की पहिल्या महिन्यात घरात हसू होतं. होऊ द्या.

दोघांनी मिळून चालवायचं असेल तर बिल्टीच्या आधी हे बघा की वाटेत बाईला जायला स्वच्छ संडास कुठल्या पंपावर आहे. मी हेवी लायसन्स काढलं तेव्हा मला ब्रेक, क्लच, रिव्हर्स सगळं शिकवलं, हे कोणी सांगितलं नाही. छोटी गाडी घेणार असाल तर सोपं पडेल: सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय की ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला साधं हलक्या वाहनाचं लायसन्स पुरतं.

माझं स्पष्ट मत विचाराल तर पहिली दोन वर्षं दुसऱ्याच्या बिल्टीवर चालवा. भाडं चार पैसे कमी घ्या, पोच वेळेवर द्या, आणि कोणता ट्रान्सपोर्टर बाकी लटकवतो, कोणता फोन उचलतो, याची वही ठेवा. एखादा कारखाना थेट माल द्यायला लागला, वर्षभर देत राहिला, तर मग कॉमन कॅरियरची नोंदणी, जबाबदारीची पॉलिसी आणि बुक, ह्याच क्रमाने. आणि मित्राच्या मालाला "तुझी एक बिल्टी फाड ना" म्हणून कोणी आला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. तो माल तुम्ही बघितलेला नाही.

पेडण्याच्या मुलीला हे सगळं सांगितलं. ती ऐकत होती, मध्येमध्ये हं हं करत होती. शेवटी हळूच म्हणाली, "पण वहिनी, नाव ठरवलंय आम्ही. मुलीच्या नावावरून, पुढे रोडलाईन्स." मग लिहा की काचेवर, म्हटलं, मोठ्या अक्षरात, मागे लिंबू-मिरचीही काढून घ्या. काचेवर नाव असल्याने कोणी ट्रान्सपोर्टर होत नाही. छापखान्याचा पत्ता मी दिला नाही. साखळीच्या पेंटरचा नंबर दिला.