अंड्यांवर आत्ता कोण बसलंय?

एप्रिलात गोव्यात पेडण्याकडच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर गेलात की टिटवी तुम्हाला दिसायच्या आधी तुम्ही तिला दिसलेले असता, आणि मग जो काय आरडाओरडा सुरू होतो तो तुम्ही खाली भाटात (माडांच्या बागेत) उतरेपर्यंत काही थांबत नाही. मागच्या वर्षी काजूच्या दिवसांत मी चुकून तिच्या घरट्याशीच जाऊन उभा राहिलो. घरटं कसलं, चिऱ्याच्या खडकावर एक खळगा, कडेने थोडे खडे आणि मध्ये चार अंडी, रंग असा की पाय पडला असता तरी कळलं नसतं. डोक्यावर ओरडणारे दोघं होते, नर आणि मादी, दिसायला सेम टू सेम. आता यातलं अंड्यांवर बसलं होतं कोण? आणि रात्री कोण बसतं?

प्रश्न सोपा वाटतो, पण नुसतं बघत बसून उत्तर मिळत नाही, कारण तुम्ही जवळ गेलात की बसलेला पक्षी उठलाच. सलीम अलींनी 1930 च्या पावसाळ्यात अलिबागजवळ किहीमला सुगरणींसमोर तासन्‌तास बसून शोधून काढलं की घरटं नर विणतो, मादी येऊन पसंत करते, आणि एकेका नराचे दोन-तीन संसार असतात (नाव आपण सुगरण ठेवलंय, असो). पण ती वस्ती दिवसाढवळ्या डोळ्यांसमोर चाललेली. सड्यावर मिट्ट काळोखात एकसारख्या दिसणाऱ्या दोन टिटव्यांपैकी कुठली बसलीय ते कोण सांगणार?

इथे छोटी यंत्रं कामाला येतात. सगळ्यात साधं म्हणजे गाडीच्या काचेवर चिकटवतो त्या फास्टॅगचा धाकटा भाऊ. त्यात बॅटरी नसते, वजन ग्रॅमचा दहावा भाग वगैरे, पक्ष्याच्या पायातल्या कड्यात बसवतात आणि घरट्याभोवती तारेचं वेटोळं ठेवतात. पक्षी येऊन बसला की टोल नाक्यासारखं ‘हा आला, इतक्या वाजता’ असं नोंदलं जातं. रात्र असो, पाऊस असो, मशीनला फरक पडत नाही.

पण मला सगळ्यात आवडतं ते दुसरं यंत्र, लाइट लॉगर. यात फक्त एक घड्याळ, उजेड मोजणारा सेन्सर आणि मेमरी. जीपीएस नाही की काही नाही, म्हणून वजन एक ग्रॅमच्या आत ठेवता येतं. पक्षी जगभर फिरतो, यंत्र उजाडलं कधी आणि मावळलं कधी एवढंच लिहीत राहतं. दिवस किती मोठा यावरून कळतं किती उत्तरेला आहे, आणि भर दुपार कधी झाली यावरून कळतं किती पूर्वेला. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपास मात्र गोची होते, कारण तेव्हा दिवस सगळीकडे सारखाच. आणि डेटा बघायला तोच पक्षी परत पकडावा लागतो, तो जगला-वाचला आणि त्याच जागी परत आला तर!

आता हे मोरजीला हिवाळ्यात लाटेच्या पुढेमागे धावणारे छोटे पांढुरके पक्षी बघितले असतील ना, सँडरलिंग, त्यांची घरटी पार आर्क्टिकमध्ये. तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, म्हणजे लाइट लॉगरला जागा सांगता येत नाही, यंत्र फुकट गेलं म्हणायचं. पण उलटंच झालं. चोवीस तास उजेड असताना सेन्सर मध्येच काळोख दाखवतो, का? कारण यंत्र पायात बसवलेलं असतं, आणि पक्षी पाय पोटाखाली घेऊन अंड्यांवर बसलाय. जे यंत्र पत्ता सांगायला नापास झालं तेच हजेरीपट बनलं! कधी बसला, कधी उठला, सगळं मिनिटांच्या हिशोबात.

अशाच वेगवेगळ्या साधनांनी जमवलेल्या नोंदी एकत्र करून मार्टिन बुल्ला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये ‘नेचर’मध्ये एक अभ्यास छापला. किनारपक्ष्यांच्या 32 जाती, 729 घरटी, सगळी अशी की जिथे आई-बाप दोघंही पाळीपाळीने बसतात. काही जोड्या दिवसाला वीस वेळा पाळी बदलतात आणि काहींमध्ये एकटाच 50 तासांपर्यंत बसून राहतो! मला वाटलेलं भुकेमुळे असेल, ज्याला लवकर भूक लागते तो लवकर उठतो. तर नाही. फरक पडतो तो शत्रूपासून वाचायच्या पद्धतीने. जे रंगात मिसळून गुपचूप बसतात ते पाळी कमी वेळा बदलतात, कारण येण्या-जाण्यातच घरटं उघडं पडतं. जे लवकर उठून हल्ला करतात त्यांच्या पाळ्या छोट्या. या हिशोबाने आमची टिटवी कुठल्या पार्टीतली हे सांगायला नकोच.

वजनाचा नियम साधारण असा की यंत्र पक्ष्याच्या वजनाच्या तीन टक्क्यांच्या आत हवं. सत्तर किलोच्या माणसाला दोन किलोची पिशवी, फक्त ती कधीच खाली ठेवता येत नाही. तरी त्रास होतोच. आर्क्टिकमधल्या काही अगदी छोट्या जातींत पायातल्या लॉगरमुळे अंडी फुटल्याचं आणि पक्षी कमी परतल्याचं दिसलंय, म्हणून उगाच हौस म्हणून हे करायचं नसतं, आणि आपल्याकडे वनखात्याच्या परवानगीशिवाय तर नाहीच नाही.

टिटवीसाठी पक्ष्याला हात न लावताही एक करता येतं. शर्टाच्या बटणाएवढा तापमान नोंदवणारा लॉगर अंड्यांमध्ये ठेवायचा. थंड देशात पक्षी उठला की आलेख खाली येतो. सड्यावर उलट, भर दुपारी ती उठली की आलेख वर, कारण चिरा तापून तवा झालेला असतो. अंड्याला साधारण 36 ते 38 अंश मानवतात, चाळिशीच्या वर फार वेळ गेला की आतला जीव गेला. म्हणजे आपण ज्याला उबवणं म्हणतो ते इथे खरं तर सावली धरणं आहे. टिटवी पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते, एक गेली की दुसरा हजर.

हे सगळं मी नंतर वाचलं. त्या दिवशी दुपारी बारा वाजता मी फोटोसाठी पाच-सात मिनिटं तिथे उभा होतो आणि ती दोघं डोक्यावर घिरट्या घालून बोंबलत होती.