खांदेरीची बत्ती

थळच्या किनाऱ्यावरून समुद्राकडे पाहिले की दोन बेटे दिसतात. अलीकडे उंदेरी आणि तिच्यामागे दोन टेकाडांचे खांदेरी. त्यातल्या उंच टेकाडावर दीपगृह उभे आहे. अलिबागकडून जाणारे पर्यटक त्याचा फोटो काढतात आणि 'इंग्रजांनी बांधलेले' म्हणून पुढे सरकतात. ते खरेच आहे, पण या जागेचे मोल इंग्रजांना पटले ते दीपगृहाच्या जवळपास दोनशे वर्षे आधी, आणि पटवून दिले मराठ्यांनी.

मुंबई बंदराच्या तोंडापासून दक्षिणेला थोड्याच अंतरावर खांदेरी आहे. बंदरात शिरणारे, बाहेर पडणारे गलबत इथून नजरेत येते. जंजिऱ्याचा सिद्दी पावसाळ्यात आपले आरमार मुंबईच्या आश्रयाला नेत असे. त्याला आणि त्याला थारा देणाऱ्या इंग्रजांना शह म्हणून १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी इथे किल्ला बांधायला घेतला. काम मायनाक भंडारी यांच्याकडे होते. इंग्रजांनी ते बंद पाडण्यासाठी जहाजे आणली. सप्टेंबरमध्ये बेटावर उतरू पाहणारा त्यांचा एक अधिकारी मारला गेला, ऑक्टोबरच्या लढाईत 'डव्ह' हे गलबत मराठ्यांच्या हाती पडले. तरी तट चढतच राहिला. मग १६८० च्या सुरुवातीला सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली आणि दोन्ही बेटांवरून एकमेकांवर तोफा सुटू लागल्या. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या काळात, १७१८ मध्ये, इंग्रजांनी पुन्हा खांदेरीवर चाल केली. तीही फसली. बेट त्यांच्या ताब्यात आले ते थेट पेशवाई बुडाल्यावर.

ज्या टेकाडावरून जहाजांवर पाळत ठेवायची, तेच आता जहाजांना दिसावे असे झाले. मुंबईचा व्यापार वाढला होता, दक्षिणेकडून रात्री येणाऱ्या जहाजाला बंदर जवळ आल्याची खूण हवी होती, शिवाय या पट्ट्यात पाण्याखालचे खडक आहेतच. १८६७ मध्ये दीपगृह सांभाळणाऱ्यांच्या घराच्या मधोमध अष्टकोनी मनोरा उभा राहिला, उंची सुमारे २५ मीटर. दीपगृहातली खरी करामत दिव्यापेक्षा भिंगाची. काचेचे लोलक एकावर एक असे बसवलेले असतात की चहूकडे पांगणारा उजेड एका पट्ट्यात गोळा होतो. भिंग फिरवले की लांबून तोच पट्टा उघडझाप करतो. प्रत्येक बत्तीची उघडझाप वेगळी, त्यामुळे नुसते सेकंद मोजून ती कुठली हे नकाशावर ताडता येते. मुंबईच्या टोकावरचे प्राँग्ज दीपगृह आले १८७५ मध्ये, म्हणजे खांदेरीनंतर.

बेटावर अजून चाकांच्या लोखंडी गाड्यांवरच्या तोफा आहेत. दगडाने ठोकल्यावर धातूसारखा वाजणारा एक खडक आहे. त्यावर ठोकून पाहिल्याशिवाय कुणी परतत नाही. आणि वेताळ आहे, कोळ्यांचा. १९९८ मध्ये बेटाला कान्होजी आंग्र्यांचे नाव दिले गेले आणि २०२५ मध्ये किल्ला युनेस्कोच्या यादीत गेला. कोळी मात्र त्याला खांदेरीच म्हणतात.