तिघांत हलका कोण?

नकाशावर पट्टी ठेवून शिवाजीनगरपासून लोणावळ्यापर्यंत सरळ रेघ मारली, तर ती साधारण ५३ किलोमीटर भरते. दक्षिण चीनमध्ये यांगजियांग आणि तायशान या दोन अणुवीज केंद्रांपासून एवढ्याच अंतरावर, जमिनीखाली ७०० मीटरवर, जुनो हा प्रयोग २६ ऑगस्ट २०२५ पासून नोंदी घेतो आहे. हे अंतर योगायोगानं आलेलं नाही. न्यूट्रिनो म्हणजे विद्युतभार नसलेले, अतिशय हलके कण. अणुभट्टीतून निघालेले त्यांचे प्रतिकण, म्हणजे प्रतिन्यूट्रिनो, वाटेत रूप बदलतात, आणि तो बदल या टप्प्यावर सर्वांत ठळक दिसतो. आधी गणित मांडलं गेलं, डोंगर नंतर शोधला.

न्यूट्रिनो तीन रूपांत भेटतात: इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि टाऊ. ते एका रूपातून दुसऱ्यात जातात, हे १९९८ साली जपानच्या सुपर-कामिओकांडेनं दाखवलं. पुढे कॅनडातल्या सडबरीच्या प्रयोगानं सूर्याच्या न्यूट्रिनोंबाबतही तेच सिद्ध केलं. ताकाकी काजिता आणि आर्थर मॅकडोनाल्ड यांना २०१५ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. रूप बदलतं याचा अर्थ न्यूट्रिनोंना वस्तुमान आहे, आणि तिन्ही वस्तुमानं सारखी नाहीत.

मग ती वस्तुमानं किती? इथे गाडी अडते, आणि का अडते ते सवाई गंधर्वला हजेरी लावणाऱ्या पुणेकरांना चटकन कळेल. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा किंचित कमीजास्त लागल्या, की आवाजात लाट येते. लाट किती जलद येते यावरून दोन तारांत फरक किती, हे कळतं. पण मूळ स्वर कोणता, हे त्या लाटेवरून कळत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, दोघींपैकी चढी कोणती, हेही कळत नाही. न्यूट्रिनोंचं रूपांतर ही अशीच लाट आहे. तिच्यातून वस्तुमानांच्या वर्गांमधले (वर्ग म्हणजे संख्येला तिनंच गुणून येणारा) फरक हाती आले. एक फरक दुसऱ्याच्या सुमारे ३० पट आहे. म्हणजे दोन न्यूट्रिनो वस्तुमानानं जवळजवळ आहेत आणि तिसरा त्यांच्यापासून लांब आहे. हा लांबचा तिसरा सर्वांत जड की सर्वांत हलका, हे मात्र आजही ठरलेलं नाही.

मूळ स्वर पकडायचा प्रयत्न जर्मनीतल्या कार्ल्सरूहे इथे वेगळ्या वाटेनं चालू आहे. ट्रिटियमच्या, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजनच्या, ऱ्हासातून सुटणारे इलेक्ट्रॉन जास्तीत जास्त किती ऊर्जा घेऊन निघतात, हे काट्यावर तोलल्यासारखं तोलायचं. जी किंचित तूट दिसेल ती न्यूट्रिनोच्या वस्तुमानाची. कॅट्रिन या प्रयोगानं २०२५ मध्ये सांगितलेली वरची मर्यादा आहे ०.४५ इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजायचं एकक). इलेक्ट्रॉन याच मापात ५,११,००० भरतो.

तिन्ही वस्तुमानांचा क्रम लावण्याच्या शर्यतीत जुनो आज सर्वांच्या पुढे आहे. ३५.४ मीटर व्यासाचा ॲक्रिलिकचा गोल, आत २०,००० टन द्रव, भोवती २० इंची १७,६१२ प्रकाशग्राही नळ्या आणि त्यांच्या फटींत हजारो लहान नळ्या. एखादा प्रतिन्यूट्रिनो द्रवातल्या हायड्रोजनच्या प्रोटॉनवर आदळतो, तेव्हा पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा प्रतिकण) आणि न्यूट्रॉन तयार होतात. पॉझिट्रॉन लगेच चमकून संपतो. न्यूट्रॉन थोडा भटकतो आणि सेकंदाच्या काही दशसहस्रांश भागानंतर दुसऱ्या प्रोटॉनला चिकटतो. तेव्हा दुसरी चमक, तीही ठरलेल्या ऊर्जेची. एकापाठोपाठ अशी जोडचमक दिसली की ती नोंद धरायची, सुटी चमक सोडून द्यायची. ही युक्ती १९५६ साली न्यूट्रिनोचा पहिला पुरावा देणाऱ्या रेनेस आणि कोवन यांनीच वापरली होती. भट्ट्यांतून दर सेकंदाला निघणाऱ्या अगणित प्रतिन्यूट्रिनोंपैकी जुनोच्या हाती दिवसाला चाळीस-पन्नास लागतात. तरीही अवघ्या ५९ दिवसांच्या नोंदींवरून त्यांनी रूपांतराची दोन मापं आजवरच्या सगळ्या प्रयोगांहून नेमकी काढली. ही कामगिरी मला थक्क करणारी वाटते. क्रमाचं उत्तर ठामपणे द्यायला मात्र सुमारे सहा वर्षांच्या नोंदी लागतील.

अमेरिकेतला ड्यून हा प्रयोग हाच प्रश्न दुसऱ्या बाजूनं सोडवणार आहे. शिकागोजवळच्या फर्मिलॅबमधून सोडलेला न्यूट्रिनोंचा झोत जमिनीतून १,३०० किलोमीटर जाईल. पुणे-दिल्ली हवाई अंतरापेक्षाही हे जास्त आहे. साउथ डकोटातल्या होमस्टेक या जुन्या सोन्याच्या खाणीत, दीड किलोमीटर खोल, उणे १८६ अंशांवर ठेवलेल्या द्रवरूप आरगॉनच्या टाक्या त्याची वाट पाहत असतील. त्यांच्यासाठीचं खोदकाम २०२४ मध्ये पूर्ण झालं. वाटेतल्या खडकातले इलेक्ट्रॉन न्यूट्रिनोंच्या रूपांतरात ढवळाढवळ करतात. न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो यांच्यावर तिचा परिणाम उलटसुलट होतो, आणि कोणावर कसा, हे वस्तुमानांच्या क्रमावर अवलंबून असतं. हा झोत तयार करणाऱ्या नव्या त्वरकासाठी (कणांना वेग देणाऱ्या यंत्रासाठी) भारतीय अणुऊर्जा विभागाच्या संस्थाही सुटे भाग बनवत आहेत. जपानचा हायपर-कामिओकांडे २,६०,००० टन पाण्याचा असेल. त्याची गुहाही २०२५ मध्ये खोदून झाली. त्याचा मुख्य रोख द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्या वागण्यातल्या फरकावर आहे.

आता आपल्याकडची गोष्ट, कारण ती सांगितल्याशिवाय मला हा लेख पुरा करता येणार नाही. वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोंची नोंद जगात पहिल्यांदा १९६५ साली प्रसिद्ध झाली, ती कोलारच्या सोन्याच्या खाणीतून. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मेनन, श्रीकांतन, नरसिंहम आणि त्यांचे ओसाका व डरहॅमचे सहकारी सुमारे २.३ किलोमीटर खोल हे काम करत होते. दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत तोच शोध घेणाऱ्या रेनेस यांच्या गटाचा निबंध त्यानंतर काही दिवसांनी आला. पुढे खाणच बंद पडली.

तिची जागा घेणार होती तामिळनाडूच्या थेनी जिल्ह्यातली भारतीय न्यूट्रिनो वेधशाळा. केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला २०१५ मध्ये मंजुरी दिली. पुण्यात हा विषय निघाला की हमखास विचारलं जातं, 'आपला सह्याद्री असताना तिकडे कशाला?' अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे तयार झालेले म्यूऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखेच पण जड कण, आपल्या तळहातातून सेकंदाला साधारण एक या हिशेबानं जात असतात. त्यांच्या गर्दीत न्यूट्रिनोंच्या नोंदी हरवतात. ते गाळायचे तर या वेधशाळेला चहूबाजूंनी किमान एक किलोमीटर खडक हवा, आणि आत जायला आडवा बोगदा हवा. सिंहगडाची उंची पायथ्यापासून मोजली तर एक किलोमीटरही भरत नाही, शिवाय आपला बेसॉल्ट थराथरांचा. थेनीचा चार्नोकाइट मात्र अतिशय जुना आणि एकजीव खडक आहे.

त्या वेधशाळेतल्या यंत्राचा आराखडा फार विचारानं केलेला आहे. लोखंडी पत्र्यांचे १५० थर, एकूण ५०,००० टन, आणि सगळ्यांना चुंबकत्व दिलेलं. पत्र्यांमधल्या फटींत दोन-दोन मीटरच्या काचेच्या पेट्या: दोन काचा, मध्ये दोन मिलिमीटरची वायूची फट, बाहेरून ग्रॅफाइटचा लेप आणि सुमारे दहा हजार व्होल्टचा दाब. कण गेला की फटीत बारीकशी ठिणगी. न्यूट्रिनोपासून ऋण म्यूऑन निघतो, प्रतिन्यूट्रिनोपासून धन. चुंबकात दोघं विरुद्ध दिशांना वळतात. सुपर-कामिओकांडेच्या पाण्याला हा भेद थेट करता येत नाही, आणि खडकाच्या ढवळाढवळीवरून क्रम ओळखायला नेमका तोच हवा.

प्रकल्प स्थानिक विरोधात आणि न्यायालयात अडकला, तामिळनाडू सरकारही विरोधात उभं राहिलं. न्यूट्रिनोंमुळे किरणोत्सर्ग पसरेल ही भीती निराधार आहे. ते तसेही दिवसरात्र आपल्यातून आरपार जातच असतात. पण डोंगर फोडल्यानं पाण्याचं, जंगलाचं आणि वाघांच्या वाटेचं काय होईल, हा प्रश्न खरा आहे. तो विचारणाऱ्यांना अडाणी म्हणून चालणार नाही. त्यांच्यासमोर बसून, त्यांच्या भाषेत, आकड्यांनिशी उत्तर द्यायला हवं होतं, आणि ते प्रकल्प मंजूर होण्याआधी द्यायला हवं होतं. याच रचनेचं ८५ टनांचं छोटं यंत्र मदुराईत जमिनीवर उभारलेलं आहे आणि त्यानं म्यूऑनच्या नोंदीही घेतल्या आहेत. जुनोनं क्रम लावला, तरी वेगळ्या पद्धतीनं त्याची पडताळणी करणारा प्रयोग लागणारच आहे.