गाभोळीचा बास कुठे थांबतो : सॅम रेबर्न जलाशयातला फेब्रुवारी

टेक्सासच्या पूर्व भागातला सॅम रेबर्न जलाशय १,१४,५०० एकरांचा, म्हणजे सुमारे ४६,००० हेक्टरांचा आहे. आपल्या उजनीपेक्षाही मोठा. अँजेलिना नदीवरचं हे धरण १९६५ मध्ये पूर्ण झालं आणि अमेरिकी लष्कराचं अभियंता दल, आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स, ते सांभाळतं. ह्युस्टनहून गाडीने दोन-अडीच तासांत पोचता येतं, त्यामुळे तिथल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना गळाचा नाद आहे त्यांच्यासाठी हे जवळचंच पाणी. एवढ्या विस्तारात लार्जमाऊथ बास, म्हणजे मोठ्या तोंडाचा गोड्या पाण्यातला शिकारी मासा, शोधायचा तर वर्षातला सर्वात चांगला काळ जानेवारीच्या उत्तरार्धापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंतचा. तेव्हा मादीच्या पोटात गाभोळी भरत आलेली असते, ती वर्षातल्या सर्वात जास्त वजनाची असते आणि तिचा रस्ता बऱ्याच अंशी ठरलेला असतो. आमिष कोणतं लावायचं हा प्रश्न नंतरचा. आधी तो रस्ता ओळखायचा.

आपल्याकडचे कटला, रोहू, मृगळ पावसाळ्यात, नदीला नवं पाणी आलं की अंडी सोडतात आणि पिल्लांची काळजी घेत नाहीत. बासचं चक्र वेगळं आहे. दिवस मोठा होऊ लागला की त्याच्या शरीरातली संप्रेरकं तयारीला लागतात, पण प्रत्यक्ष मुहूर्त पाण्याचं तापमान ठरवतं. साधारण १६ ते २० अंश सेल्सिअसला नर उथळ, कडक तळावर शेपटीने झाडून वाटीसारखं घरटं करतो, मादी त्यात अंडी घालून निघून जाते आणि राखण नर करतो. घरट्याला ऊन लागतं, म्हणून खोली सहसा दोन ते पाच फूट. लाटांचा मारा नको, म्हणून जागा आडोशाची. गाळात अंडी गुदमरतात, म्हणून तळ वाळूचा, खड्यांचा किंवा मुळांचा. सगळे बास एकाच दिवशी अंडी घालत नाहीत. रेबर्नवर हे टप्प्याटप्प्याने एप्रिलपर्यंत चालतं, त्यामुळे फेब्रुवारीत जलाशयाच्या एकाच फाट्यात, म्हणजे जमिनीत आत शिरलेल्या शाखेत, काही मासे खोल, काही वाटेवर आणि काही काठाशी असू शकतात.

म्हणून तळाच्या खोलीचा नकाशा उलटा, म्हणजे काठाकडून खोल पाण्याकडे, वाचायचा. आधी घरट्याची जागा शोधा: फाट्याच्या टोकाचा आडोशाचा, कडक तळाचा उथळ भाग. तिथून खोल पाण्याकडे बोट फिरवत मागे या आणि शेवटचा उतार कुठे आहे ते पाहा. धरण होण्यापूर्वी तिथून वाहणारा ओढा आज पाण्याखालची चर झालेला असतो. ती चर जिथे वळण घेऊन काठाला खेटते, किंवा काठाची पाण्यात घुसलेली सोंड जिथे चरीत उतरते, तिथे मादी थांबते. फाट्याच्या तोंडाशी असलेली मोठी सोंड म्हणजे हिवाळी मुक्काम, फाट्याच्या आत निम्म्यावर असलेली लहान सोंड म्हणजे पुढचा थांबा आणि त्याच्या आतली चार-सहा फुटांची चर म्हणजे शेवटचा. पाणी ९-१० अंशांवर असताना मोठ्या सोंडेवर १२ ते २० फुटांत सुरुवात करावी. ११ ते १४ अंशांना लहान सोंडा आणि चरींच्या कडा, साधारण चार ते दहा फूट. १५ अंश ओलांडले की मासा काठाकडे सरकलेला असतो. नकाशावर समोच्च रेषा जिथे दाटीने येतात आणि लगेच विरळ होतात, तेवढ्याच जागा आदल्या रात्री खुणा करून ठेवल्या तरी सकाळचे दोन-तीन तास वाचतात.

कोणता फाटा आधी तापतो याचं उत्तर भूगोलात आहे. उत्तर गोलार्धात हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून जलाशयाच्या उत्तर काठावर ऊन जास्त पडतं. शिवाय टेक्सासला थंडीची लाट उत्तरेच्या वाऱ्याने येते आणि उत्तर काठ त्या वाऱ्याच्या आडोशाला राहतो. लाट ओसरून दक्षिणेचा वारा सुरू झाला की तो वरचं कोमट पाणी उत्तरेकडच्या फाट्यांत ढकलतो. तिन्ही गोष्टी एकाच दिशेने काम करतात. गडद तळ आणि थोडं गढूळ पाणी ऊन शोषून लवकर तापतं. धरणाच्या किंवा पुलाच्या भरावाचं दगडी पिचिंगही दिवसाची ऊब धरून ठेवतं. मात्र थंड पावसाने ओढ्यातून आलेलं गार, तांबडं पाणी सर्वात वाईट. त्या दिवशी तो फाटा सोडून द्यावा.

तापमान मोजताना एक चूक फार होते. बोटीवरचा सेन्सर पृष्ठभागाजवळचं पाणी मोजतो. उन्हाच्या दुपारी तो १७ दाखवतो, माणूस काठाकडे धाव घेतो आणि मासा मात्र सहा फुटांवरच्या १३ अंशांच्या पाण्यात असतो. पाण्याचा मोठा साठा एका दुपारीत तापत नाही. सकाळी सातचा आकडा टिपावा आणि लागोपाठच्या तीन-चार सकाळी तो चढतोय का ते पाहावं. तोच चढ माशाला पुढे सरकवतो. दुपारच्या आकड्याचा उपयोग आहे तो दोन फाट्यांची तुलना करण्यापुरता. तुमच्या यंत्रावर फॅरनहाइट असेल तर ५० म्हणजे १०, ५५ म्हणजे जवळपास १३ आणि ६० म्हणजे साडेपंधरा अंश सेल्सिअस.

रेबर्नचं खरं वैशिष्ट्य म्हणजे तिथलं पाणगवत, त्यातही हायड्रिला. प्रकाशसंश्लेषण दाखवायला शाळेत चंचुपात्रात नरसाळ्याखाली ठेवतो तीच ही वनस्पती. मूळची आशियातली, १९५० च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातून फ्लोरिडात पोचली आणि तिथून पसरली. कालव्यांना आणि नौकांना ती उपद्रवी असली तरी बासला आडोसा आणि भक्ष्य दोन्ही देते. हिवाळ्यात तिचा वरचा भाग झडतो आणि तळाशी एक-दोन फुटांचे हिरवे पट्टे उरतात. सहा-सात फूट पाण्यात असा पट्टा असेल आणि त्याची कड चरीला लागून असेल, तर ती जागा सोडू नये. कड सरळ असते तिथून मासा पुढे जातो. जिथे कडेला खाच पडते, गवताचं टोक बाहेर येतं किंवा गवत संपून कडक तळ सुरू होतो, तिथे तो रेंगाळतो. वरच्या अंगाला, अटोयाक आणि अँजेलिना या प्रवाहांच्या फाट्यांत, पाणी गढूळ आणि गवत कमी. तिथे बुडालेली झुडपं, खोडं आणि चरींच्या कडा हेच आधार.

अशा गवतावर सर्वात उपयोगी आमिष म्हणजे लिपलेस क्रँकबेट: चपट्या माशाच्या आकाराचं, पोटात छर्रे असलेलं, ओढताना थरथरणारं. वजन १४ ग्रॅम म्हणजे अर्धा औंस, रंग लाल किंवा तांबूस तपकिरी. लाल रंगाचं नातं या दिवसांत बास खात असलेल्या क्रेफिशशी, म्हणजे गोड्या पाण्यातल्या नांग्यावाल्या झिंग्यासारख्या प्राण्याशी, जोडलं जातं. बासच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, हिरव्या आणि लाल प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या, त्यामुळे उथळ पाण्यात लाल त्याला चांगला दिसतो. पण गढूळ पाण्यात रंगापेक्षा कंपनं महत्त्वाची. ती तो अंगाच्या बाजूने जाणाऱ्या पार्श्वरेषेने टिपतो.

आमिष फेकून गवताच्या शेंड्यापर्यंत बुडू द्यावं आणि मध्यम वेगाने गुंडाळावं, इतकं की ते शेंड्यांना अधूनमधून घासेल. अडकलं की थांबा आणि मनगटाने एक झटका देऊन ते सोडवा. बहुतेक वेळा मासा त्याच क्षणी लागतो: गवतातून दचकून निसटणारं भक्ष्य पाहून तो विचार न करता झडप घालतो. आमिष गवताला लागतच नसेल तर तुम्ही फार जलद ओढताय किंवा पाणी जास्त खोल आहे. २१ ग्रॅमचं लावा. दर फेकीला गवताचा गठ्ठा येत असेल तर काठी उंच धरा किंवा १० ग्रॅमवर या.

काठी सात फुटांची, पाठीला जोर असलेली पण टोकाला मऊ हवी. या आमिषाचा जडपणा माशाच्या उपयोगाचा ठरतो. तो उडी मारून डोकं झटकतो आणि त्या वजनाने गळ सैल होतो. ताठ काठी आणि न ताणणारी वेणीची दोरी असेल तर गळ तोंड फाडून निघतो, म्हणून १५ ते १७ पौंडी (तेवढा ताण सहन करणारा) फ्लुरोकार्बनचा तंगूस बरा. मासा लागल्यावर वर झटका मारू नका. काठी बाजूला ओढा, टोक पाण्याजवळ ठेवा आणि तंगूस सैल पडू देऊ नका. कारखान्यातून आलेले तिहेरी गळ बोथट असतील तर पहिल्याच दिवशी बदलावेत.

थंडीची लाट येऊन गेली, आकाश निळंशार झालं आणि पाणी दोन अंशांनी उतरलं की हीच जागा ओसाड वाटते. हवेचा दाब वाढला म्हणून मासा बंद झाला, असं सर्रास सांगितलं जातं. हिशेब करून पाहा: लाटेत दाब २० हेक्टोपास्कलने वाढला, तर तो फक्त २० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाइतका होतो. मासा शेपटीच्या दोन फटकाऱ्यांत याहून जास्त वरखाली जातो. माझ्या मते पाण्याची घसरण आणि लख्ख प्रकाश ही कारणं पुरेशी आहेत. थंड रक्ताच्या प्राण्याचं पचन आणि हालचाल दोन्ही मंदावतात, आणि मासा दूर न जाता जवळच्या चरीत उतरतो किंवा गवतात खोल शिरतो. म्हणून फाटा बदलू नये. त्याच सोंडेच्या खोल कडेला जावं आणि वेग कमी करावा.

स्वच्छ पाण्यात तेव्हा जर्कबेट चालतं, म्हणजे थांबवल्यावर पाण्यात अधांतरी राहणारं लांबट आमिष. दोन झटके, मग थांबा. १० अंशांना हा थांबा दहा-पंधरा सेकंदांचा, १४ ला तीन-चार. आमिष थांबल्यावर वर तरंगत असेल तर पुढच्या गळाच्या दांड्याला शिशाची बारीक तार गुंडाळावी. गार पाण्याची घनता किंचित जास्त असते, त्यामुळे घरच्या बादलीत नीट राहणारं आमिष तलावात वर येऊ शकतं. तपासणी त्याच दिवशी, त्याच पाण्यात, बोटीच्या कडेला करावी. गवत नसलेल्या सोंडांवर, ८ ते १५ फुटांत, कॅरोलिना रिग बांधावा: तंगूसात २१ ग्रॅमचं गोळीसारखं शिसं, मग मणी, मग फिरकी, तिच्यापुढे ७५ ते ९० सेंटिमीटरचा १२ ते १५ पौंडी तुकडा, ३/० मापाचा गळ आणि सहा इंची रबरी सरडा. हे रिळाने ओढायचं नसतं. काठी बाजूला हळू ओढावी, मग परत आणताना ढिलावा गुंडाळावा. खडे लागले की हाताला खरखर जाणवते आणि गाळात ती नाहीशी होते. खरखर जिथे सुरू होते ती जागा टिपून ठेवावी.

मासे लागतात पण सगळे किलोच्या आतबाहेरचे, तेव्हा ते बहुधा पुढे आलेले नर असतात. माद्या मागच्या उतारावर असण्याची शक्यता मोठी. बोट तिकडे वळवा. मोठी मादी लागली तर पुढे सरकू नका. तिथेच बोट रोखा, कारण या काळात त्या गटाने थांबतात आणि पाच-सात मीटरच्या तुकड्यात तीन-चार लागू शकतात. खोली, तळ आणि काठाचा कल टिपा, मग नकाशावर तशीच दुसरी जागा शोधा. एक मासा योगायोगाने लागतो. त्याच खोलीवर, तशाच कडेला दुसरा लागला की तुम्हाला माहिती मिळाली.

पाणीपातळीही पाहून निघावं. रेबर्नची नेहमीची पातळी समुद्रसपाटीपासून १६४.४ फूट आहे. ती वर चढत असेल तर नव्याने बुडलेल्या झुडपांत मासे शिरतात. उतरत असेल तर ते आधी बाहेरच्या कडेला येतात, आणि तेव्हा काठाशी वेळ घालवणं व्यर्थ.

१७ वर्षं पूर्ण झालेल्यांना टेक्सासचा मासेमारी परवाना लागतो, रेबर्नवर लार्जमाऊथ बासची मर्यादा दिवसाला पाच आणि किमान लांबी १४ इंच. निघण्यापूर्वी चालू वर्षाचे नियम वाचावेत. बोट पाण्याबाहेर काढल्यावर तिच्यातलं सगळं पाणी काढून टाकणं आणि ट्रेलरला चिकटलेला हायड्रिला किंवा जायंट साल्व्हिनिया या तरंगत्या उपद्रवी वनस्पतीचा एकेक धागा वेचणं बंधनकारक आहे.

गाभोळीची मादी नियमात बसत असली तरी मी ती सोडावी असं आग्रहाने म्हणेन. हात ओले करून धरा, म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. नुसत्या जबड्याने लोंबकळवू नका, दुसरा हात पोटाखाली द्या. फोटोची तयारी मासा पाण्यात असतानाच करून ठेवा. मादी १३ पौंडांची, म्हणजे सुमारे ५.९ किलोंची किंवा त्याहून मोठी असेल आणि तारीख १ जानेवारी ते ३१ मार्चच्या दरम्यानची असेल, तर तिला हवा खेळत असलेल्या टाकीत जिवंत ठेवून टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या शेअरलंकर उपक्रमाला लगेच कळवावं. १९८६ पासून ते असे मासे प्रजननासाठी उसने घेतात, अथेन्स गावातल्या केंद्रात त्यांची पिल्लं वाढवून टेक्सासच्या जलाशयांत सोडतात आणि मादीला जिथून पकडलं त्याच पाण्यात परत आणतात.