सागरी सुरक्षेची गोपनीय माहिती

सागरी सुरक्षेची गोपनीय माहिती म्हणजे जहाजं आणि बंदरं यांच्या बंदोबस्ताचे असे तपशील, जे नको त्याच्या हाती पडले तर आत घुसणं किंवा घातपात करणं सोपं होतं, म्हणून ते कोणी वाचायचे, कुठे ठेवायचे, कोणाला नाही म्हणायचं हे नियमांनी ठरवलेलं असतं. गोव्यात याचा संबंध सगळ्यात जास्त येतो तो मुरगाव बंदराशी.

बऱ्याच जणांना वाटतं की कुठलं जहाज कधी येणार हेच मोठं गुपित. तसं नाहीये. बंदराच्या वरच्या सड्यावरून खाली बघितलं की धक्क्याला काय लागलंय ते कोणालाही दिसतं, आणि क्रूझ बोट येणार ही तर पेपरातली बातमी असते. जपायचं असतं ते बंदराचं सुरक्षा मूल्यांकन. बंदर कुठे कच्चं आहे, काय तुटलं तर काम ठप्प होईल, कोण कुठून आत येऊ शकेल हे सगळं त्यात प्रामाणिकपणे लिहावंच लागतं, नाहीतर उपाय कशावर करणार, पण त्यामुळेच तो कागद सगळ्यात धोकादायक होतो. मला तर तो तिजोरीतल्या पैशापेक्षा जास्त जपण्यासारखा वाटतो.

नियम आले ते आयएसपीएस कोडमधून, म्हणजे जहाजं आणि बंदरं यांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतून. अमेरिकेवरच्या ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं डिसेंबर २००२ मध्ये तो मंजूर केला, १ जुलै २००४ पासून लागू झाला, आणि भारतात त्याची अंमलबजावणी नौवहन महानिदेशालय बघतं. परदेशी फेऱ्या करणारी सगळी प्रवासी जहाजं, ५०० ग्रॉस टनेजपासून (हे जहाजाच्या आकारमानाचं माप) वरची मालवाहू जहाजं आणि ती जिथे लागतात ती बंदरं त्यात येतात. जहाजाचा सुरक्षा आराखडा कॉम्प्युटरवर ठेवला तरी चालतो, फक्त कोणी तो परस्पर बदलू किंवा पुसू शकणार नाही अशी सोय हवी. आणि मुरगावला तपासणीला चढलेल्या अधिकाऱ्यालासुद्धा परदेशी जहाजाचा आराखडा असाच उघडून बघता येत नाही. नियम मोडल्याचं ठोस कारण दिसलं तरच, तेही कॅप्टनच्या किंवा जहाजाच्या देशाच्या संमतीनं आणि तेवढाच भाग. धोका आला तर काय करायचं, बंदी असलेल्या जागा कुठल्या, गुपचूप अलर्ट पाठवायची बटणं कुठे आहेत, हे भाग तर त्या देशाच्या परवानगीशिवाय अजिबात नाही. ही बटणं किमान दोन असतात, एक ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या खोलीत, आणि दाबल्यावर जहाजावर काहीच वाजत नाही, संदेश थेट किनाऱ्यावर जातो, म्हणजे जागा फुटली की सगळी यंत्रणाच फुकट.

अमेरिकेत अशा माहितीचा कायद्यानं वेगळा वर्गच केलाय, आणि कामासाठी गरज असेल त्यालाच ती मिळते, मग हुद्दा कितीही मोठा असो.

मुरगावला हा विषय नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ म्हणून जर्मन जहाजं इथे आश्रयाला होती, आणि एरेनफेल्स जहाजावरच्या चोरट्या ट्रान्समीटरवरून दोस्त राष्ट्रांच्या जहाजांचा ठावठिकाणा पाणबुड्यांना कळतो असा ब्रिटिशांचा संशय होता, म्हणून मार्च १९४३ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या एका तुकडीनं रात्री त्यावर हल्ला केला आणि खलाशांनी जहाज स्वतःच बुडवलं.

आता मात्र ठावठिकाणा सांगायला चोरटा ट्रान्समीटर लागत नाही. जहाजांची टक्कर होऊ नये म्हणून एआयएस यंत्र जहाजाचं नाव, जागा, वेग उघडपणे सांगत असतं आणि तेच मोबाईलवर दिसतं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं डिसेंबर २००४ मध्येच ही माहिती इंटरनेटवर टाकण्याचा निषेध केला होता, तरी ते थांबलं नाही. गोव्यातल्या कितीतरी घरांतली माणसं बोटीवर आहेत, आणि घरच्यांना आपल्या माणसाची बोट कुठे पोचली ते बघून जो धीर येतो तो खरा आहे, त्याला कोणी नावं ठेवू नयेत. पण गँगवेवरच्या, म्हणजे जहाजावर चढायच्या जिन्यावरच्या, पहाऱ्याचा किंवा ब्रिजवरच्या पॅनेलचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकणं ही वेगळी गोष्ट, ती टाळायलाच हवी. चाच्यांचा वगैरे धोका वाटला तर कॅप्टनला एआयएस बंद करता येतं, मात्र कधी आणि का बंद केलं हे लॉगबुकात लिहावं लागतं आणि धोका टळला की ते परत चालू करायचं असतं.